शेर यांच्या 'बिलीव्ह'मधला तो आवाज: तो कसा घडला आणि त्यापुढे काय घडले

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकन गायिका शेर यांचे 1998 मधले 'बिलीव्ह' हे गाणे पॉप संगीतातला एक टप्पा का मानले जाते, त्यातला तो तुटक, किंचित धातूसारखा आवाज नेमका कसा तयार झाला, आणि गायिकेचा सूर लागत नव्हता म्हणून यंत्राची मदत घ्यावी लागली व गाण्याच्या ऱ्हासाला तिथूनच सुरुवात झाली असे जे सर्रास म्हटले जाते, त्यात तथ्य किती? गायकांचे आवाज मुद्रित करणे आणि नंतर ते गाण्यात नीट बसवणे हे माझे रोजचे काम आहे. ज्या सॉफ्टवेअरभोवती हा वाद फिरतो ते सूर दुरुस्त करणारे ऑटो-ट्यून वापरल्याशिवाय माझा दिवस सहसा जात नाही. म्हणून मी प्रश्नाच्या शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण तिथला गैरसमज दूर झाला की बाकीचे आपोआप उलगडत जाते. बेसूरपणा झाकायचा असेल, तर कोणताही रेकॉर्डिस्ट हे यंत्र 'बिलीव्ह'मध्ये वापरले आहे तसे वापरणार नाही. झाकण्याच्या कामात यंत्र ऐकू येता कामा नये, ही पहिली अट असते, आणि 'बिलीव्ह'मध्ये ते मुद्दाम ऐकू यावे अशाच रीतीने लावलेले आहे. या गाण्याचे महत्त्व इथेच आहे.

आधी गाण्याची घडण पाहू. 'बिलीव्ह'च्या श्रेयनामावलीत सहा जणांची नावे आहेत, आणि त्यावरूनच ते किती हातांतून गेले असेल याची कल्पना येते. मूळ आराखडा ब्रायन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होता. तो लंडनमध्ये वॉर्नर कंपनीकडे बराच काळ पडून होता, कारण त्याचे ध्रुवपद ऐकणाऱ्या प्रत्येकाला आवडे आणि कडवी मात्र कोणालाच पटत नसत. कंपनीचे ब्रिटनमधले प्रमुख रॉब डिकिन्स यांनी हे गाणे मेट्रो या निर्मितीसंस्थेच्या ब्रायन रॉलिंग आणि मार्क टेलर यांच्याकडे सोपवले, आणि त्यांच्या गटातल्या पॉल बॅरी व स्टीव्ह टॉर्च यांनी कडवी नव्याने बांधली. दुसऱ्या कडव्यात नायिका सांगते की विचार करायला वेळ मिळाल्यावर कदाचित मीच तुझ्यापेक्षा सरस आहे हे तिच्या ध्यानात आले. ती ओळ आपण सुचवली असे शेर यांनी पुढे सांगितले आहे, मात्र श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. मला ही ओळ फार मोलाची वाटते, कारण तोवर रडवेली असलेली नायिका तिथेच पहिल्यांदा ताठ उभी राहते.

शेर तेव्हा 52 वर्षांच्या होत्या. पती सोनी बोनो यांच्यासोबत त्यांनी 1965 मध्ये पहिले मोठे यश मिळवले होते. सत्तरच्या दशकात स्वतंत्र गायिका म्हणून त्यांची तीन गाणी अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट 100' या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती आणि 1988 मध्ये त्यांना अभिनयासाठी ऑस्कर मिळाले होते. तरीही नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत संगीताच्या बाजारात त्यांच्याकडे मागल्या पिढीचे नाव म्हणूनच पाहिले जात होते. नृत्यसंगीताचा अल्बम करावा, हा आग्रह डिकिन्स यांचा होता. नाइटक्लबमधला, विशेषतः समलिंगी समाजातला शेर यांचा चाहतावर्ग अढळ आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून गाण्याला मिनिटाला 133 ठोक्यांची धावती लय मिळाली. त्याचा षड्ज आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचा तर काळी तीनचा आहे, आणि तो शेर यांच्या खर्जाकडे झुकणाऱ्या रुंद आवाजाला छान मानवतो.

आता त्या यंत्राकडे येऊ. ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर 1997 मध्ये बाजारात आले. त्याचे कर्ते अँडी हिल्डेब्रँड हे भूभौतिकशास्त्रज्ञ. ते अनेक वर्षे तेलसंशोधनाच्या क्षेत्रात होते. जमिनीत लहरी सोडायच्या, खालच्या थरांवर आपटून परत येणारे प्रतिसाद टिपायचे, आणि त्या गुंतागुंतीच्या लहरींचे गणित करून खाली काय दडले आहे ते शोधायचे, असे ते काम. या गणितातली एक पद्धत म्हणजे लहर थोडी सरकवून तिची स्वतःशीच तुलना करणे. लहर जितकी सरकवल्यावर पुन्हा स्वतःशी जुळते, तितके तिचे आवर्तन. गळ्यातून निघालेल्या स्वरालाही हीच पद्धत लागू पडते, कारण स्वर म्हणजे ठरावीक काळाने स्वतःची पुनरावृत्ती करणारी लहर, आणि त्या काळावरून तिची पट्टी कळते. हिल्डेब्रँड स्वतः बासरीवादक होते आणि तेलाचा व्यवसाय सोडल्यावर त्यांनी संगीतरचनेचे रीतसर शिक्षण घेतले होते. एका भोजनाच्या वेळी सहकाऱ्याच्या पत्नीने, मला सुरात गायला लावील असे एखादे यंत्र काढा ना, असे सहज म्हटले आणि तिथून ही कल्पना निघाली, अशी तिची जन्मकथा ते सांगत आले आहेत.

या सॉफ्टवेअरमध्ये 'रीट्यून स्पीड' नावाचा एक नॉब असतो. ढळलेला स्वर योग्य स्वरावर किती वेळात आणायचा, हे त्याने ठरते, आणि हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. साधारण 20 ते 50 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवले, तर गळ्याची नैसर्गिक हालचाल बरीचशी शाबूत राहते आणि फक्त लांब ठेवलेले स्वर हलकेच जागेवर सरकतात. ऐकणाऱ्याला संशयही येत नाही. हाच नॉब शून्यावर आणला, की दुरुस्ती त्याच क्षणी होते. शून्याची सोय हिल्डेब्रँड यांनी ठेवली खरी, पण इतके टोकाचे मूल्य कोणी शहाणा माणूस वापरील असे त्यांना वाटले नव्हते. 'बिलीव्ह'मध्ये नेमके तेच वापरले गेले.

शून्यावर काय होते, ते एका छोट्या उदाहरणाने जवळून पाहू. समजा गायिका षड्जावरून मींड घेत गंधारावर जाते आहे. तिचा आवाज मधल्या प्रत्येक बिंदूला स्पर्श करत, कुठेही न थांबता वर सरकतो. यंत्राला मात्र या दोन स्वरांमधले फक्त नेमून दिलेले स्वर मान्य आहेत. समजा, ते सा, रे आणि ग आहेत. आवाज षड्जापासून निघाला तरी यंत्र त्याला षड्जावरच धरून ठेवते. आवाज षड्ज आणि ऋषभ यांच्या मध्यरेषेपलीकडे गेला, की ते त्याला एका झटक्यात ऋषभावर नेते, तिथे पुन्हा धरून ठेवते, आणि मग तसेच गंधारावर टाकते. उतरणीच्या जागी पायऱ्या याव्यात तसे हे आहे, आणि कानाला जो तुटका उडी मारल्याचा भास होतो तो या पायऱ्यांच्या कडांचा असतो. दुसरी गोष्ट कंपनाची. लांब स्वरावर गळा जे हलके आंदोलन देतो ते मध्यरेषेच्या आत राहिले तर पूर्णपणे पुसले जाते आणि स्वर अनैसर्गिकरीत्या स्थिर होतो. तेच आंदोलन रुंद असेल आणि सीमा ओलांडत असेल, तर आवाज दोन स्वरांमध्ये भराभर फडफडू लागतो. मात्र स, श, फ, ख यांसारख्या व्यंजनांतल्या घर्षणाला पट्टीच नसते, त्यामुळे ती जशीच्या तशी बाहेर पडतात. म्हणून शब्द स्पष्ट राहतात, आवाजाचा पोतही बराचसा त्या गायिकेचाच राहतो आणि फक्त स्वरांची हालचाल माणसाची राहत नाही. जुन्या व्होकोडरपेक्षा हा परिणाम वेगळा वाटतो, तो यामुळेच. व्होकोडर हे 1930 च्या दशकात बेल प्रयोगशाळेत विकसित झालेले उपकरण. त्यात स्वर सिंथेसायझरचा असतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडाची फक्त घडण त्यावर चढते, त्यामुळे कोण गात आहे हे ओळखणे अवघड होते. शेर यांचा आवाज 'बिलीव्ह'मध्ये पहिल्या शब्दापासून ओळखू येतो.

आता सूर न लागण्याच्या आरोपाकडे येतो. वर सांगितलेल्या उदाहरणावरून लक्षात येईल की गायिका एका स्वरावर सुरात उभी राहिली, तर शून्यावर लावलेल्या यंत्राला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. परिणाम ऐकू येतो तो ती एका स्वरावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा. म्हणजे हा परिणाम हवा असेल, तर गायिकेला गळा हलवावा लागतो, आणि तोही नेमका, कारण आवाज मध्यरेषेच्या चुकीच्या बाजूला गेला, तर यंत्र तितक्याच ठामपणे चुकीच्या स्वरावर जाऊन बसते. कच्चे गाणाऱ्याला हे मूल्य वाचवत नाही, त्याला ते उघडे पाडते. माझ्याकडे नवे गायक 'तो इफेक्ट लावा' म्हणून येतात, तेव्हा त्यांच्या गळ्याची तयारी पहिल्या दोन ओळींतच उघड होते. शेर यांच्या गायकीत आवाज खालच्या भागातून वरच्या भागात जाताना झटकन तुटल्यासारखा उडण्याची लकब मूळचीच आहे आणि साठच्या दशकातल्या त्यांच्या गाण्यांतही ती ऐकू येते. यंत्राने त्या लकबीला अधिक धारदार केले, म्हणून तो परिणाम परका न वाटता त्यांच्याच गाण्याचा भाग वाटतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तो परिणाम गाण्यात कुठे ठेवला आहे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. पुष्कळांच्या आठवणीत संपूर्ण गाणेच तसे असते. वास्तविक तो ठळकपणे येतो कडव्यांतल्या काही ठरावीक शब्दांवर, उदाहरणार्थ पहिल्या कडव्यात, कितीही धडपडले तरी तुझ्यापर्यंत पोहोचता येत नाही, अशा अर्थाची ओळ संपते तिथे. ध्रुवपदात आवाज बराचसा मोकळा, भरदार आणि माणसाचा आहे. यात दोन गोष्टी साधल्या. कडवी दुबळी, ही या गाण्याची जुनी तक्रार होती. तिथेच कानाला पकडून ठेवणारे काहीतरी मिळाले, त्यामुळे ध्रुवपदाची वाट पाहणे सुसह्य झाले. आणि अर्थाच्या दृष्टीने पाहिले, तर नायिका कोंडली आहे तिथे आवाज गोठतो आणि ती सावरते तिथे तो सुटतो. टेलर यांनी हे ठरवून केले की हाताला लागले म्हणून ठेवले, याने फार फरक पडत नाही. निर्मात्याचे कौशल्य पुष्कळदा हाताला लागलेले ओळखून ठेवण्यातच असते.

हा प्रयोग शेर यांना ऐकवताना टेलर यांच्या मनात धाकधूक होती, कारण एवढ्या मोठ्या गायिकेच्या आवाजाशी असा खेळ करणे म्हणजे धाडसच होते. शेर यांना तो फार आवडला. डिकिन्स यांना मात्र तो पटला नाही. आवाज शेर यांचा वाटत नाही, हा परिणाम काढा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर, माझ्या जिवात जीव असेपर्यंत ते होणार नाही, अशा अर्थाचे उत्तर आपण दिल्याचे शेर यांनीच पुढे सांगितले आहे. म्हणजे ज्या गायिकेचा दोष झाकण्यासाठी यंत्र आणले असे लोक म्हणतात, तीच गायिका ते यंत्र गाण्यात राहावे म्हणून कंपनीच्या प्रमुखांशी भांडली.

यापुढचा प्रसंग आमच्या व्यवसायात आजही सांगितला जातो. 1999 च्या सुरुवातीला 'साउंड ऑन साउंड' या ब्रिटिश मासिकाने या गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर सविस्तर मुलाखत छापली, आणि तीत हा परिणाम डिजिटेक कंपनीच्या 'टॉकर' नावाच्या व्होकोडरने साधला, असे सांगण्यात आले. तो ऑटो-ट्यूनचाच होता, हे पुढे उघड झाले. आपली युक्ती इतरांनी उचलू नये म्हणून घातलेले ते पांघरूण होते. ते फार काळ टिकणे शक्य नव्हते, कारण ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर होते त्यांनी एक नॉब शेवटपर्यंत फिरवला की उत्तर समोर येत होते. थोड्याच काळात स्टुडिओत त्याला 'शेर इफेक्ट' हेच नाव पडले.

यशाविषयी थोडक्यात. गाणे ऑक्टोबर 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्या वर्षातले तिथले सर्वाधिक खपाचे सिंगल, म्हणजे सुटे विकले जाणारे गाणे, ठरले. ब्रिटनमध्ये कोणत्याही गायिकेच्या सिंगलचा इतका खप झालेला नाही. अमेरिकेत ते मार्च 1999 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तिथे चार आठवडे टिकले आणि त्या वर्षाच्या वार्षिक यादीतही पहिले आले. शेर यांचे त्याआधीचे पहिल्या क्रमांकाचे गाणे 1974 मधले होते, म्हणजे मध्ये 25 वर्षे गेली होती. 'बिलबोर्ड हॉट 100'च्या शिखरावर पोहोचलेली सर्वात ज्येष्ठ गायिका हा मान त्यांच्याकडे डिसेंबर 2023 पर्यंत होता. त्यानंतर 78 वर्षांच्या ब्रेंडा ली यांच्या जुन्या नाताळगीताने तो घेतला. 2000 च्या ग्रॅमी समारंभात 'बिलीव्ह'ला उत्कृष्ट नृत्यध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला.

या आकड्यांपेक्षा मला वयाची गोष्ट अधिक बोलकी वाटते. पॉपच्या बाजारात पन्नाशी ओलांडलेल्या गायिकेने जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करावेत आणि गौरव स्वीकारावेत, अशी अलिखित अपेक्षा असते. शेर यांनी त्या वयात ज्या गाण्याने पुनरागमन केले त्याचा आवाज त्या वेळच्या कोणत्याही विशीतल्या गायिकेच्या गाण्यापेक्षा नवा होता. समलिंगी समाजाच्या क्लबांमध्ये हे गाणे इतके रुजले त्याचे कारणही त्यात सापडते. नाकारले जाणे, कोसळणे, आणि त्यानंतर स्वतःच्या बळावर पुन्हा उभे राहणे ही गोष्ट त्या श्रोत्यांना आपली वाटली, आणि ती सांगणारी स्त्री अनेक वेळा मोडीत काढली जाऊनही परत आलेली होती. गाणे नुसत्या युक्तीवर उभे नाही, याचा पुरावा डिसेंबर 2018 मध्ये वॉशिंग्टनला केनेडी सेंटरच्या सन्मानसोहळ्यात मिळाला. तिथे अ‍ॅडम लँबर्ट यांनी 'बिलीव्ह' अगदी संथ लयीत, नृत्याचा ठेका आणि तो यांत्रिक परिणाम दोन्ही वगळून गायले. सन्मानितांमध्ये बसलेल्या शेर यांचे डोळे पाणावले. ध्रुवपदाची चाल इतकी सुघड आहे की अंगावरचे सगळे दागिने उतरवल्यावरही ती तशीच उभी राहते.

आता ऱ्हासाविषयी. 'बिलीव्ह'नंतर हा परिणाम झपाट्याने पसरला, हे निर्विवाद आहे. फ्रान्सच्या डाफ्ट पंक या जोडगोळीने 2000 मध्ये 'वन मोअर टाइम'मध्ये तो वापरला. अमेरिकेत टी-पेन या गायकाने 2005 पासून त्यावर आपली संपूर्ण शैलीच उभारली. 2008 मध्ये कान्ये वेस्ट यांनी आईच्या निधनानंतर केलेला अल्बम जवळजवळ सर्वस्वी या आवाजात गायला, आणि तिथे त्या गोठलेल्या स्वराला शोकाचा अर्थ आला. विरोधही तितकाच जोरदार झाला. 2009 मध्ये जे-झी यांनी ऑटो-ट्यूनचा मृत्यू जाहीर करणारे गाणे काढले, त्याच वर्षी ग्रॅमी समारंभाला डेथ कॅब फॉर क्यूटी या बँडचे सदस्य निषेधाच्या निळ्या फिती लावून आले, आणि 2010 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने ऑटो-ट्यूनला पन्नास सर्वात वाईट शोधांच्या यादीत बसवले. तरी हा आवाज गेला नाही. टी-पेन याला तर गाताच येत नाही, असे वर्षानुवर्षे म्हटले गेले. 2014 मध्ये त्याने एनपीआर या अमेरिकन नभोवाणीच्या 'टायनी डेस्क' कार्यक्रमात कोणत्याही यंत्राविना, फक्त कीबोर्डच्या साथीने गाऊन दाखवले, आणि त्याचा गळा किती सुरेल आहे हे पाहून टीकाकार चकित झाले. शून्यावरचे ऑटो-ट्यून नीट वापरायला सुरेल गळा लागतो, हे जे मी वर म्हटले, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

माझ्या मते तक्रार करायचीच असेल, तर ती ऐकू येणाऱ्या यंत्राविषयी नसून न ऐकू येणाऱ्या यंत्राविषयी असायला हवी. आज बहुतेक प्रत्येक व्यावसायिक गाण्यात आवाज कमीअधिक दुरुस्त केलेला असतो. त्यासाठी ऑटो-ट्यूनबरोबरच मेलोडाइन हे जर्मन सॉफ्टवेअर वापरतात, ज्यात प्रत्येक स्वर पडद्यावर वेगळा दिसतो आणि हाताने उचलून ठेवता येतो. गायकाने सात टेक द्यावेत, पंच मारून मारून, म्हणजे चुकलेला तुकडा पुन्हा गाऊन जागी बसवत, ओळ पुरी करावी आणि उरलेले संगणकावर पाहून घेऊ म्हणावे, ही सवय गायकाच्या रियाजाला आणि श्रोत्याच्या कानाला हळूहळू पोखरते. श्रोत्याला निर्दोष स्वराची इतकी सवय होते की मैफलीतला जिवंत, किंचित हलणारा स्वर त्याला चुकीचा वाटू लागतो. या सवयीचा दोष 'बिलीव्ह'वर टाकता येत नाही. त्या गाण्याने यंत्र श्रोत्यासमोर उघड मांडले.

महाराष्ट्रात हा प्रश्न अगदीच नवा नाही, आणि मराठी गायकांना याविषयी सांगण्यासारखे काही आहे, म्हणून थोडा इकडे वळतो. गळ्याला बारा ठरीव घरांत कोंडावे का, हा वाद आपल्याकडे हार्मोनियमवरून झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांवर, ग्रंथ लिहिला आणि त्या श्रुती वाजवता येतील अशी हार्मोनियम घडवण्याच्या खटाटोपात ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासह आयुष्याचा मोठा भाग खर्च केला. आकाशवाणीने तर 1940 पासून हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत चालली. त्या वादातला मूळ आक्षेप ऑटो-ट्यूनला जास्तच लागू पडतो. तानपुऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून 386 सेंटवर असतो (सेंट हे स्वरांमधले अंतर मोजण्याचे एकक, हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट), आणि बारा समान भागांत वाटलेला गंधार 400 सेंटवर. हार्मोनियमवर गाणारा गायक निदान स्वतःचा गंधार स्वतः लावू शकत असे आणि पेटीवाला मागे राहत असे. ऑटो-ट्यून मात्र गळ्यातून निघालेला गंधारच उचलून 400 वर नेऊन ठेवते. तोडीतला अतिकोमल गंधार, भूप आणि देशकार यांच्यातल्या स्वरलगावाचा फरक, लावणीतली मुरकी, नाट्यगीतातला खटका, हे सगळे त्याच्या लेखी ढळलेले सूर असतात.

म्हणून रागावर आधारलेले गाणे, भावगीत किंवा अभंग यांत हे सॉफ्टवेअर सरसकट लावू नये, हे मी कोणत्याही गायकाला निःसंकोच सांगतो. लांब ठेवलेला एखादा स्वर ढळला असेल, तर तेवढाच हाताने सरळ करावा आणि मींडीला, हरकतीला स्पर्श करू नये. उलट नव्या कोळीगीतांत, भीमगीतांत आणि लग्न-मिरवणुकीसाठी बांधलेल्या डीजे गाण्यांत हा ठळक परिणाम आज राजरोस ऐकू येतो, आणि त्यावर नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. अल्जीरियाच्या राई संगीतात आणि मोरोक्कोच्या बर्बर नावाच्या समाजाच्या गाण्यांत 'बिलीव्ह'नंतर थोड्याच वर्षांत ऑटो-ट्यून इतके मुरले की ते तिथल्या गायकीचा भाग बनला. तिथला गळा मुळातच मींड आणि कंपन यांनी भरलेला असल्यामुळे यंत्राला खेळायला भरपूर जागा मिळते आणि आवाजाची जी फडफड निर्माण होते ती युरोप-अमेरिकेतल्या गाण्यांपेक्षा कितीतरी समृद्ध वाटते. मराठी लोकसंगीतातल्या गळ्यांमध्येही ती क्षमता आहे, आणि कोणी जाणत्या संगीतकाराने ती मनापासून शोधावी, असे मला फार वाटते.

ज्यांना असा प्रयोग करायचा आहे त्यांनी तो गाणे मुद्रित होण्याआधी ठरवावा आणि गायकाला सांगावा, कारण कानात तो परिणाम ऐकत गाणाऱ्याचा गळा यंत्राशी जुळवून घेतो आणि त्याला हव्या तशा उड्या काढतो. मागाहून लावलेला परिणाम बहुधा चिकटवल्यासारखा वाटतो. आवाज कोरडा घ्यावा, त्यात ढोलकीचा किंवा हेडफोनमधून गळणाऱ्या ट्रॅकचा आवाज मिसळलेला नसावा, कारण एकाच वेळी दोन आवाज आले की यंत्राला पट्टी ओळखता येत नाही. गाण्याचे स्वर मोजके नेमून द्यावेत. भूपाच्या वळणाची चाल असेल, तर पाचच स्वर द्यावेत, म्हणजे पायऱ्या रुंद होतात आणि उडी ठळक ऐकू येते. आणि सबंध गाण्यावर तो परिणाम न पसरता कोणत्या शब्दावर यावा आणि कोणत्या शब्दाला मोकळे सोडावे, हे गीत समोर ठेवून, अर्थ पाहून ठरवावे.